मागच्या खोलीच्या दारावरची टिकली

१ जुलै १९९८, बुधवार

“क्विस्टसाहेबांची छाती आता बरी आहे ना? डेल्मरचा गुडघा पायऱ्या चढताना अजून दुखतो? तुमच्या बहिणीची, आयनेझची, साखर आटोक्यात आली का? आणि आर्लिस, तुमचं काय? मान वर केली की अजून चक्कर येते?”

आज सकाळी दुकानात पाऊल टाकल्याबरोबर नव्या बाईंनी एकेकाची अशी चौकशी केली. मी तर विरघळलेच. एकोणतीस वर्षं कॉलेजच्या या पुस्तकाच्या दुकानात काढली, पण माझ्या बहिणीचं, आयनेझचं, नाव घेऊन कुणी तिची साखर विचारली नव्हती. हे सगळं हिला कुणी सांगितलं कोण जाणे. क्विस्टसाहेबांनीच जाता जाता सांगितलं असणार. मी उत्तरं देत गेले तशी ती एका छोट्या काळ्या वहीत टिपून घेत होती. विसरायला नको म्हणून असेल.

कॉलेजनं दुकान बाहेरच्या कंपनीला चालवायला दिलं. इतकी वर्षं दुकान सांभाळणारे क्विस्टसाहेब काल निवृत्त झाले आणि जाताना मला ही दैनंदिनी देऊन गेले. “बोलायला माणूस लागतं तुला, आर्लिस,” म्हणाले. कंपनीनं पाठवलेल्या बाईंचं नाव टेस. तिशी-पस्तिशीची, चपळ, चालताना पावलं वाजत नाहीत. दोनदा माझ्या मागं येऊन उभी राहिली, मला पत्ता नाही.

“काहीही बदलणार नाही,” असं ती तीनदा म्हणाली.

डेल्मर मागच्या खोलीत खोकी उघडत होता, तो हळूच म्हणाला, “एकदाच म्हणाली असती तर विश्वास बसला असता.”

त्याला सगळ्यांतच खोट दिसते.

६ जुलै, सोमवार

हे इथं लिहावं की नको, याचा चार दिवस विचार केला. पण वही माझी, खणाची किल्ली माझी.

डेल्मरला वाचता येत नाही.

लिहिलं बाई एकदाचं. इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं. मी नोकरीला लागले त्या सप्टेंबरात त्यानं मानसशास्त्राची शंभर पुस्तकं तत्त्वज्ञानाच्या फळीवर रचली. साहेबांनी घाईघाईत त्याच्या हातात एक कागद कोंबला आणि “हे बघ, यादीत काय लिहिलंय” म्हणाले. डेल्मरनं कागद नीट पाहिला, मान हलवली, “बरोबर आहे, साहेब, माझीच चूक.” साहेब गेले. मी कागद पाहिला, तर ती यादी नव्हतीच. बॉयलर दुरुस्त करणाऱ्याची चिठ्ठी होती.

दुसऱ्या दिवशी मी आमच्याच दुकानातलं चिकटवायच्या रंगीत गोल कागदी टिकल्यांचं पाकीट फोडलं. जीवशास्त्राला हिरवी, इतिहासाला लाल, गणिताला निळी. पहिल्या वर्षाला एक, दुसऱ्याला दोन. फळ्यांवर लावल्या, खोकी आली की खोक्यांवर लावायला लागले. साहेबांना म्हटलं, विद्यार्थ्यांना सोपं जाईल. आणि गेलंच की! पुढं पुढं प्राध्यापकच वर्गात सांगू लागले, “तीन निळ्या टिकल्यांचं पुस्तक घेऊन या.” सगळ्या कॉलेजला वाटतं ही आमच्या दुकानाची गंमत आहे.

बाकी त्याचं डोकं असं, की एकदा पाहिलेलं पुस्तक विसरत नाही. बेडकाचं, पुलाचं, दाढीवाल्याचं. कव्हर हा त्याला चेहरा. शिवाय त्याच्या खोलीच्या दारावर आमची वेगळीच भाषा चालते. हिरवी टिकली म्हणजे कॉफी तयार आहे, ये. लाल म्हणजे आत्ता ये, अडलंय. पिवळी म्हणजे आज मला एकट्याला राहू दे.

१९८१ साली मी एक आगाऊपणा केला. मुलांचं अक्षरओळखीचं पुस्तक त्याच्या बाकावर ठेवलं. मी स्वतः आठवीनंतर शाळा सोडून गाईंच्या धारा काढल्या. कोपरे दुमडलेली, विकता न येणारी पुस्तकं घरी नेऊन शिकले. मला वाटलं, मी शिकले तर हाही शिकेल. संध्याकाळी ते पुस्तक परत पाठवायच्या खोक्यात तळाशी सापडलं. तीन आठवडे दारावर पिवळी टिकली होती. चौथ्या सोमवारी हिरवी आली. त्यानंतर तो विषय आमच्यात आजवर निघालेला नाही. मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक आहे, आणि तेवढ्यावर आमचं छान चाललंय.

१४ जुलै, मंगळवार

आज टेसनं माझा मोठाच मान केला. म्हणाली, “आर्लिस, तुम्ही म्हणजे या दुकानाची आठवण आहात. ती कागदावर उतरली पाहिजे. कोण कसं काम करतं, काय कुठं अडतं, जे कुठंच लिहिलेलं नाही ते सगळं लिहा. मोकळेपणानं. चांगलं वाईट दोन्ही.”

जाड वही दिली, निळ्या कापडी बांधणीची. प्रत्येक पानावर आकडा छापलेला, म्हणजे एखादं पान गळालं तर लगेच कळावं. किती व्यवस्थित माणसं!

डेल्मरला दाखवली. तो मला मास्तरीणबाई म्हणतो.

“मास्तरीणबाई आता ग्रंथ लिहिणार म्हणे. माझ्याबद्दल काय लिहिणार?”

“तुझा गुडघा आणि तुझी कुजकट बोलणी.”

“गुडघा लिही. बाकीचं राहू दे.”

हसला, पण मी वळून जाईपर्यंत दाराच्या चौकटीला हात लावून तसाच उभा होता.

मी आत्तापर्यंत सात पानं लिहिली. लिहिताना चढल्यासारखं होतं. कुणीतरी वाचणार आहे, ही गोष्टच वेगळी.

२३ जुलै, गुरुवार

छताला चार काळे काचेचे गोळे बसवले, आत कॅमेरे आहेत. एक बरोबर मागच्या खोलीच्या दारासमोर. टेस म्हणते, आमच्याच सुरक्षिततेसाठी. तिथं काय चोरीला जाणार, रिकामी खोकी?

दुपारी ती फळीवरच्या टिकलीवर नख घासत म्हणाली, “गोड आहेत. पण कंपनीच्या सगळ्या दुकानांत एकच पद्धत. छापील पट्ट्या.”

“टिकल्यांनी विद्यार्थ्यांना सोपं जातं.”

“विद्यार्थ्यांना वाचता येतं ना?”

“येतं की.”

“मग या कुणासाठी आहेत?”

आणि गप्प बसली. तिचं गप्प बसणं असं आहे, की समोरच्यालाच लाज वाटून तो काहीतरी बोलून टाकतो. मी कपाळ पुसलं आणि गिऱ्हाईक आलं म्हणून पळाले. गिऱ्हाईक कुठलं! उन्हाळ्यात कॉलेजात खारीसुद्धा नसतात.

२४ जुलै, शुक्रवार

टिकल्या वाचवायच्या तर खरं कारण सांगायला हवं, असं माझ्या मनानं घेतलं. बाई चांगली आहे. बहिणीची साखर विचारणारं माणूस वाईट कसं असेल?

जाड वहीच्या एकतिसाव्या पानावर लिहिलं: “आमच्यातल्या एका जुन्या माणसाला या टिकल्या म्हणजेच अक्षरं आहेत. त्या काढल्या तर त्याची पाटी कोरी होईल. बिचारा गेली एकोणतीस वर्षं चष्मा घरी विसरतो आहे, आणि तो चष्मा मी अजून पाहिलेला नाही.”

नाव घातलं नाही. सांगितल्यासारखंही झालं आणि झाकल्यासारखंही. चष्म्याचं वाक्य तर मला इतकं जमल्यासारखं वाटलं, की दोनदा वाचून पाहिलं.

टेसनं माझ्यासमोरच पान वाचलं. माझ्या हातावर हात ठेवला. “हे सांगायला धीर लागतो. बरं झालं, मलाच सांगितलंत.” हात गार होता. तिच्या खोलीत नवं थंड हवेचं यंत्र बसवलंय ना.

आता टिकल्या राहतील.

३ ऑगस्ट, सोमवार

टिकल्या निघाल्या.

टेसनं माझ्या हातात पत्र्याची खरवडणी दिली. “तुम्ही लावल्यात, तर तुमच्याच हातानं निघाव्यात. परक्यानं कशाला?” यातही तिनं माझाच विचार केला म्हणायचा.

मी खालच्या आवाजात विचारलं, “ते पान वाचलंत ना तुम्ही?”

“वाचलं. वरच्या साहेबांनीही वाचलं.”

म्हणजे त्यांच्या मनात याच्यापेक्षा चांगली काही सोय असणार. तरी हात चालत नव्हता. डेल्मर मागच्या दारातून बघत होता. शेवटी म्हणाला, “हिरव्या आधी काढ, मास्तरीण. त्या घट्ट बसल्यात.”

दिवसभर खरवडलं. जिथं टिकली होती तिथं फळीचा रंग अजून ताजा दिसतो, ओळीनं गोल गोल. पण सगळे गोल एकाच रंगाचे.

११ ऑगस्ट, मंगळवार

युक्ती केली! तीन दिवस सकाळी लवकर येऊन प्रत्येक फळीच्या टोकाला खालच्या बाजूनं, जिथं हात जातो पण नजर जात नाही, तिथं माझ्या विणकामातल्या लोकरीचे तुकडे बांधले. हिरवी, लाल, निळी. पहिल्या वर्षाला एक गाठ, दुसऱ्याला दोन.

डेल्मरला काही बोलले नाही. त्यानंही काही विचारलं नाही. आज माझ्या टेबलावर त्याच्या घरच्या रानचेरीच्या जेलीची बरणी होती आणि झाकणावर एक हिरवी टिकली. पठ्ठ्यानं पाकीट लपवून ठेवलंय.

१९ ऑगस्ट, बुधवार

सत्राची खोकी आली. दोनशे चौदा. दरवर्षी हा आमचा सणाचा आठवडा असतो. डेल्मर शीळ घालत खोकी फोडतो, “बेडूक आला”, “पूल आला, यंदा रंगवलाय” असं ओरडतो.

आज शीळ थांबली. मी गेले, तर तो खोक्यासमोर उभा. आत पुस्तकं, सगळी पांढरी. दुसरं खोकं, पांढरी. पहिल्या वर्षाची सगळीच्या सगळी पुस्तकं कंपनीनं स्वतःच छापून घेतलीत. चित्र नाही, रंग नाही. पांढऱ्यावर बारीक काळी अक्षरं.

“मास्तरीण,” तो म्हणाला, “यंदा पुस्तकांना तोंडंच नाहीत.”

मी शेजारी उभी राहून, स्वतःशीच पुटपुटल्यासारखी नावं वाचत गेले आणि तो उचलून नेत गेला. एवढं तर आम्हाला मुरलेलं आहे. पण टेसनं मला बाहेर बोलावलं. परत आले, पुन्हा बोलावलं. असं पाच वेळा. पाचही वेळा काम असं काहीच नव्हतं. एकदा तर नुसतं विचारलं, “पाणी पिता ना वेळेवर?”

संध्याकाळी रसायनशास्त्र अर्थशास्त्राच्या फळीवर होतं. टेसनं स्वतः उचलून जागेवर ठेवलं. मग काळी वही काढली.

रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं, असं का वाटतंय मला?

२१ ऑगस्ट, शुक्रवार

कुणीतरी लोकरीचे तुकडे कापून टाकलेत. सगळे. गाठी मात्र नीट गोळा करून, एका पाकिटात घालून, माझ्या टेबलावर ठेवल्यात.

२८ ऑगस्ट, शुक्रवार

घरी आल्याबरोबर लिहायला बसले.

सकाळी आठला टेसनं सगळ्यांना बोलावलं. मी, डेल्मर आणि सत्रापुरत्या आलेल्या सहा मुली. नव्या उंच शिडीचे नियम. प्रत्येकानं एकेक मोठ्यानं वाचायचा आणि खाली सही करायची. खेळीमेळीत चाललं होतं, मुली हसत होत्या. मी दुसरा नियम वाचला.

“पाचवा डेल्मर वाचतील,” टेस म्हणाली.

त्याच्या काखेत नेहमीसारखं वर्तमानपत्र होतं. रोज आणतो, रोज तसंच घडी घातलेलं परत नेतो. त्यानं खिसे चाचपले. “चष्मा घरी राहिला बघा.”

“मला वाटलंच होतं,” टेस म्हणाली. आवाज गोड होता. तिनं खणातून तीन चष्मे काढले आणि ओळीनं टेबलावर मांडले. बारीक नंबरचा, मधला, जाड. “बघा, कुठला लागतो.”

मुली हसायच्या थांबल्या.

डेल्मरनं चष्म्यांकडे पाहिलं नाही, टेसकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

मग तो म्हणाला, “मला वाचता येत नाही, बाई. लिहून घ्या तुमच्या वहीत. लिहिलं असेलच म्हणा.”

“कुणी तुम्हाला काढत नाहीये,” टेस म्हणाली, “फक्त शिडीवर आणि खोक्यांवर काम करणाऱ्याला सूचना वाचता यायला हव्यात. तुम्ही दुसऱ्या जागेसाठी अर्ज करा ना. हा फॉर्म भरायचा.”

फॉर्म दिला हो त्याच्या हातात! चार पानी.

त्यानं तो घडी घालून वर्तमानपत्रात ठेवला, एप्रन काढून खुंटीला अडकवला, वर टोपी ठेवली, मग टोपी आपली आहे हे आठवून परत घेतली. मागच्या दारानं गेला. मी धावत गेले तेव्हा त्याची गाडी वळणावर होती.

३० ऑगस्ट, रविवार

तीन चष्मे ती आधीपासून घेऊन आली होती.

दोन दिवस मी मनाशी म्हणत होते, की दुकानात कुणी विसरलेले असतील. पण एकोणतीस वर्षं ती विसरलेल्या वस्तूंची पेटी मीच सांभाळते. त्यात चष्मे नव्हते.

पान एकतीस.

६ सप्टेंबर, रविवार

चर्चमधून परस्पर डेल्मरकडे गेले, खिमा आणि भाज्या घालून भट्टीत भाजलेली गरम हॉटडिश घेऊन. वरून बटाटे छान खरपूस झाले होते, त्याला आवडतात तसे. गाडी अंगणात होती. आत रेडिओ चालू होता. मी दारावर थाप मारणार तोच दिसलं. कडीच्या वर, डोळ्यांच्या उंचीवर, पिवळी टिकली.

भांडं पायरीवर ठेवलं आणि परत आले.

८ सप्टेंबर, मंगळवार

भांडं माझ्या पायरीवर आलं. घासून, पुसून. रिकामं. झाकण उलटून पालटून पाहिलं, कुठंही काही लावलेलं नाही.

आयनेझ म्हणाली, “खाल्लं तर आहे ना? मग बोलेल.”

“त्याच्या कुत्रीनं खाल्लं असेल,” मी म्हटलं.

१७ सप्टेंबर, गुरुवार

मला दुकानातली प्रमुख केलं. छातीवर लावायचा नवा बिल्ला, नावाखाली निळी रेघ. सहा महिन्यांपूर्वी मिळाला असता तर घरी जाऊन आरशात पाहिला असता.

जाड वही टेसनं मला परत दिली. “अजून पुष्कळ पानं उरलीत. आता या सहा मुलींबद्दल लिहा. कोण कशी आहे, घरचं काय, तब्येतीचं काय. तुमच्याजवळ पोरी मोकळेपणानं बोलतात.”

मी मान डोलावली. मग तिनं वर बघून त्या उंच शिडीवर हात ठेवला.

“आणि हो, प्रमुख म्हणून तुमचीही एक छोटीशी तपासणी. सोमवारी सकाळी. चौथ्या पायरीवर चढायचं आणि वरच्या दिव्याकडे बघत दहा मोजायचे. बस्स.”

मान वर केली की मला चक्कर येते. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं होतं, आणि मी कौतुकानं सगळं सांगितलं होतं. कितव्या पायरीवर येते तेसुद्धा.

“मी खाली उभी असेनच,” टेस म्हणाली. “तब्येत कशी आहे बाकी?”

“छान आहे,” मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा या प्रश्नाला एका शब्दात उत्तर दिलं असेल.

१९ सप्टेंबर, शनिवार

डेल्मरला पत्र पाठवलं. लिहून काय पाठवणार? म्हणून जे लिहायचं होतं ते इथं लिहिते आणि पाकिटात जे घातलं ते घातलं.

डेल्मर,

गुडघा कसा आहे? थंडी सुरू झाली की तुला तो सकाळचा उठू देत नाही, गरम विटेनं शेकतोस का? कुत्रीचे कान बरे झाले? रानचेरीचं झाड वाऱ्यानं वाकलं होतं, त्याला टेकू दिलास की अजून उद्यावर टाकतोयस? आणि तू? तुझी तब्येत कशी आहे रे? सांग मला. मी कुठल्या वहीत टिपून घेणार नाही.

ते पान मी लिहिलं. टेसनं लिहून घेतलं असं मी महिनाभर स्वतःला सांगत होते, पण लेखणी माझ्या हातात होती, आणि वाक्य छान जमलं म्हणून मी खूश झाले होते. तू आठवड्यांमागून आठवडे पिवळी लाव, मला बोलायला तोंड नाही.

पान एकतीस मी आज वहीतून फाडलं. पाकिटात आहे. तुला ते कळणार नाही आणि कुणाकडून वाचूनही घेऊ नकोस. अक्षर माझं आहे एवढं तू ओळखशील. शेगडीत टाक. आकडे छापलेले आहेत, त्यामुळे गेलेलं पान सोमवारी तिच्या लक्षात येणारच. येऊ दे. मुलींबद्दल मी एक ओळ लिहिली नाही, लिहिणारही नाही. शिडीवरही चढणार नाही. बिल्ला माझ्या हातानं काढून तिच्या टेबलावर ठेवीन, तिच्या तीन चष्म्यांशेजारी.

पण खरं सांगू, भीती वाटते. सोमवारी मागच्या खोलीवरून जाताना दारावर काहीच नसेल. ना हिरवी, ना पिवळी. एकोणतीस वर्षं मी त्या दाराकडे बघून दिवस सुरू केलाय.

सोबत एक कार्ड घातलंय. माझा पत्ता घातलाय, तिकीटही लावलंय. मागची बाजू कोरी आहे. आणि शेवटच्या पाकिटातल्या तीन टिकल्या, तिन्ही रंगांच्या. शिवाय आणखी एक लाल मी माझ्याकडून एका कागदावर लावून पाठवली आहे, ती तुला कळेल.

तू एक लाव. कुठलीही. पिवळी आली तरी मला चालेल, तीही तुझ्याच हातची असेल. पण कोरं पाठवू नकोस, आणि लवकर पाठव. पोस्टमन आमच्याकडे अकराला येतो. मी पायरीवर बसलेली असेन.

तुझी मास्तरीण